हात वळत नाही? आधी डोळ्यांना विचारा!

सोल्डरिंग, आरीवर्क, मॉडेल-मेकिंग, घड्याळदुरुस्ती... घरच्या टेबलावर बारीक काम करताना बरेचदा कौशल्य कमी पडत नाही, नजर कमी पडते. भिंग, चष्मा आणि दिवा नीट निवडायचा कसा, त्याची ही उजळणी.

सबमिशन संपलंय, सुट्टी लागलीय आणि अभ्यासाच्या टेबलावरून पुस्तकं केव्हाच हटलीत. कुणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न आणि ब्लूटूथ स्पीकरचं किट आलंय. कुणी बहिणीच्या लग्नाच्या ब्लाउजवर आरीवर्क करायला घेतलंय. कुणी १:७२ स्केलचं विमान रंगवतंय, तर कुणी माळ्यावरच्या डब्यातून आजोबांचं बंद पडलेलं ‘एचएमटी जनता’ खाली काढलंय. यूट्यूबवर बघताना सगळं एकदम सोप्पं वाटलेलं असतं. प्रत्यक्षात मात्र चिमट्यातला रेझिस्टर टुणकन उडतो आणि फरशीवर कुठेतरी गायब होतो. सुईवरून मणी निसटतो. विमानातल्या पायलटच्या डोळ्याच्या जागी काळा डाग पडतो. अर्धा तास मान मोडून, डोळे फाडून बघितल्यावर डोकं ठणकायला लागतं. मग ते फेमस वाक्य येतं, ‘जाऊ दे यार, आपला हातच नाही यात.’ आणि किट परत खोक्यात!

थांबा. हे वाक्य म्हणण्याआधी एक सोपा प्रश्न स्वतःला विचारा. जे करायला घेतलंय, ते तुम्हाला नीट दिसतंय का?

मोहरीएवढा पार्ट, खसखशीएवढा पार्ट

आपण ज्या मापाशी खेळतोय, ते जरा स्वयंपाकघरातल्या भाषेत बघू. आजकालच्या सर्किट बोर्डवर ‘०६०३’ नावाचा पार्ट सर्रास असतो. तो १.६ मिलीमीटर लांब आणि ०.८ मिलीमीटर रुंद, म्हणजे साधारण मोहरीच्या दाण्याएवढा. त्याचा धाकटा भाऊ ‘०४०२’ हा १ बाय ०.५ मिलीमीटरचा, म्हणजे थेट खसखस. क्रॉस-स्टिचचं १४ काउंटचं कापड घेतलंत तर एका इंचात १४ चौकोन बसतात, म्हणजे एक चौकोन १.८ मिलीमीटरचा. १:७२ स्केलमध्ये पावणेसहा फुटी पायलट होतो अडीच सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचा आणि त्याचं डोकं जेमतेम तीन मिलीमीटरचं. त्या डोक्यावर तुम्हाला दोन डोळे काढायचेत!

आता वाटेल, एवढं बारीक काम माणसाच्या हाताला झेपतं तरी का? झेपतं. डोळ्यांचे सर्जन ‘१०-०’ नंबरच्या धाग्याने टाके घालतात. त्या धाग्याची जाडी ०.०३ मिलीमीटरहूनही कमी असते, आपल्या केसापेक्षाही बारीक. हे टाके माणसाचाच हात घालतो. फरक एवढाच, की त्या वेळी सर्जनचे डोळे मायक्रोस्कोपला लावलेले असतात. हात डोळ्यांच्या मागे जातो. डोळ्यांना अर्ध्या मिलीमीटरची चूक दिसली, तर हात अर्ध्या मिलीमीटरने सुधारतो. दिसलीच नाही, तर तो बिचारा सुधारणार काय? सराव लागतोच, पण न दिसणाऱ्या गोष्टीचा सराव कितीही केला तरी हात बसत नाही.

भिंग नेमकं करतं काय?

एक छोटा प्रयोग करा. हा पेपर हात लांब करून धरा. मग अर्ध्या अंतरावर आणा. अक्षरं दुप्पट मोठी दिसायला लागली ना? म्हणजे वस्तू मोठी दिसण्याचा फुकटातला उपाय आहे, ती जवळ आणणं. अजून जवळ आणा, नाकापासून वीतभर, मग चार बोटं. आता अक्षरं धूसर होतील.

विशीतल्या निरोगी डोळ्याला साधारण १० सेंटिमीटरपर्यंतचं स्पष्ट दिसू शकतं. पण त्या सीमेवर बघताना डोळ्यातला स्नायू पूर्ण आवळलेला असतो आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे वळलेली असतात. काही सेकंद ठीक आहे. अर्धा तास असं बघणं म्हणजे भरलेली बादली हातात धरून उभं राहण्यासारखं. त्यातून डोळे चुरचुरतात, कपाळ दुखतं, दोन-दोन दिसायला लागतं. त्यात काम रंगलं की आपण पापण्या मिटायचंही विसरतो, म्हणून डोळे कोरडे पडतात. ‘मला पेशन्सच नाहीत’ असं जे वाटतं ना, त्यातला बराचसा भाग हा असा थकलेला डोळा असतो.

भिंग इथे मदतीला येतं. डोळ्यातल्या स्नायूला करावी लागणारी मेहनत ते स्वतःच्या अंगावर घेतं. त्यामुळे वस्तू जवळ आणूनही डोळा आरामात राहतो. म्हणजे साधं भिंग तुम्हाला ‘न थकता जवळ जाऊ देतं’. हे एकदा डोक्यात बसलं की खरेदी करतानाचा अर्धा गोंधळ संपतो. कारण त्यातूनच भिंगाचा पहिला नियम निघतो, जितकं मोठं हवं, तितकं जवळ जावं लागणार.

‘२० एक्स’च्या स्टिकरला भुलू नका

ऑनलाइन शोधलंत तर ‘१० एक्स’, ‘२० एक्स’, ‘एलईडीसकट’ अशी भिंगांची रांगच लागते. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं मोबाइलच्या कॅमेऱ्याने आपल्याला शिकवलंय. इथे हा हिशोब उलटा पडतो.

भिंगाचा हिशोब असा आहे. आधी त्याचं फोकसचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजायचं आणि २५ ला त्याने भागायचं. आलेलं उत्तर म्हणजे ते किती पट मोठं दाखवतं. १० पट भिंगाचं फोकस येतं अडीच सेंटिमीटर, म्हणजे एक इंच! आता त्या एका इंचात सोल्डरिंग आयर्नचं साडेतीनशे अंश तापलेलं टोक घालून बघा. नाक भाजेल, भिंगाला फ्लक्स चिकटेल आणि धूर थेट नाकात जाईल.

पट वाढवली की आणखी दोन गोष्टी हातातून जातात. एक, दिसणारा भाग छोटा होतो. बोर्डवर नेमकं कुठे आहोत, हेच कळेनासं होतं. दोन, खोली कमी होते. वरचा थर स्पष्ट, खालचा धूसर आणि मान जराशी हलली की सगळंच गायब. म्हणूनच १० पटीचं भिंग हे प्रामुख्याने तपासायचं भिंग आहे. हिऱ्याची क्लॅरिटी ठरवण्यासाठी जगभर १० पटीचंच माप धरतात. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे ‘जीआयए’चं ग्रेडिंगही त्याच मापावर चालतं. मुंबईत बीकेसीच्या भारत डायमंड बोर्समधल्या व्यापाऱ्याच्या खिशात जे घडीचं छोटं भिंग असतं, ते हेच. तो डोळ्याला भिंग लावतो, चिमट्यातला हिरा जवळ आणतो, बघतो आणि ठेवून देतो. तासभर त्याखाली सोल्डरिंग करत बसणं हे त्या भिंगाचं कामच नव्हे.

घरात आधीच एखादं भिंग पडलंय? मग त्याचं खरं बळ घरीच मोजा. दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ उभे राहा. भिंग भिंतीसमोर धरून पुढे-मागे करा. एका जागी बाहेरच्या लांबच्या इमारतीचं किंवा झाडाचं उलटं, छोटंसं, पण स्वच्छ चित्र भिंतीवर उमटेल. त्या क्षणी भिंग आणि भिंत यांच्यातलं अंतर पट्टीने मोजा आणि २५ ला त्याने भागा. १० सेंटिमीटर आलं तर भिंग अडीच पटीचं. काही कंपन्या या उत्तरात १ मिळवून आकडा छापतात, त्यामुळे त्याच भिंगावर ‘३.५ एक्स’ लिहिलेलं असू शकतं, ती फसवणूक नाही. पण १० सेंटिमीटर फोकसच्या भिंगावर ‘२० एक्स’ असेल, तर ते सरळ परत करा. (हा प्रयोग करताना भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.)

काम बघा, अंतर मोजा, मग भिंग निवडा

म्हणजे दुकानात जाण्याआधी विचारायचा प्रश्न आहे, ‘माझ्या डोळ्यांत आणि कामात किती जागा हवी?’ हातात काय असणार आहे? गरम आयर्न, ब्रश, सुई की नुसता चिमटा? आरामात बसा, पाठ सरळ ठेवा आणि एखाद्या मित्राला टेपने डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. हे अंतर लिहून ठेवा. आता पर्याय बघू.

हेडबँड व्हायझर : डोक्याला पट्टा आणि डोळ्यांसमोर दोन्ही डोळ्यांसाठी भिंगाची पट्टी. नवशिक्यासाठी सगळ्यात कामाची वस्तू हीच. दोन्ही डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे सुई पुढे आहे की मागे, हे नीट कळतं. हात मोकळे राहतात आणि मान वर केली की खोली पुन्हा नेहमीसारखी. २ पटीची पट्टी साधारण २५ सेंटिमीटरवर चालते, साडेतीन पटीची १० सेंटिमीटरवर. भरतकाम, मॉडेल रंगवणं यासाठी दीड ते दोन पट भरपूर झाली. बोर्डवरचे बारीक पार्ट जोडायला दोन ते अडीच पट घ्या. चष्मा असेल तर व्हायझर त्याच्यावरून घालता येतो.

भिंगाचा टेबल लॅम्प : मोठं गोल भिंग, भोवती दिव्यांचं कडं. यांच्यावर बहुतेक वेळा ३ किंवा ५ डायॉप्टर असं लिहिलेलं असतं. १०० ला डायॉप्टरने भागलं की फोकसचं अंतर मिळतं, म्हणजे ३ डायॉप्टरला सुमारे ३३ सेंटिमीटर. मोठं दिसणं फारसं नाही, पावणेदोन पटीच्या आसपास. पण हात, आयर्न, तार सगळं खाली आरामात मावतं. शिवणकाम, वायरिंग, नखांवरचं आर्ट यासाठी झकास.

डोळ्याला लावायचं भिंग : घड्याळजींच्या डोळ्यात खोचलेलं असतं ते. तीन-साडेतीन पटीचं घेतलंत तर कामापासून साडेसात सेंटिमीटरवर यावं लागतं. घड्याळाच्या कामाला ते चालतं, कारण तिथे हातात छोटा स्क्रूड्रायव्हर असतो. दुसरा डोळा गच्च मिटू नका, चेहरा दुखायला लागतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून भिंगातल्या चित्राकडेच लक्ष द्यायचं. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, मग सवय होते. पकडून ठेवायला जमत नसेल तर डोक्याभोवती अडकवायच्या तारेसकट मिळतं ते घ्या.

डेंटिस्टवाले लूप : चष्म्याच्या काचेवर बसवलेल्या दोन छोट्या दुर्बिणी. डेंटलला असलेल्या दोस्ताकडे नक्की बघायला मिळतील. ‘मोठं हवं तर जवळ जा’ हा नियम इथे मोडतो, कारण आत एकापेक्षा जास्त भिंगं असतात. अडीच पट मोठं दिसूनही काम ३५ ते ५० सेंटिमीटरवर ठेवता येतं आणि मान ताठ राहते. पण चांगले लूप घालणाऱ्याच्या दोन बुबुळांतलं अंतर मोजून बनवतात, त्यामुळे खिसाही तसाच लागतो. हॉबीसाठी घाई नको.

स्टिरिओ मायक्रोस्कोप : मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीच्या परिसरात मोबाइल रिपेअरवाल्यांच्या टेबलावर दिसतो तो. नेहमीचं मॉडेल ७ ते ४५ पट मोठं दाखवतं आणि तरीही खाली साधारण १० सेंटिमीटर जागा सोडतं. खाली ०.५ पटीचं जोडभिंग लावलं की पट निम्मी होते, पण आयर्न फिरवायला बरीच जास्त जागा मिळते. किंमत मात्र पाच आकड्यांत जाते. कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर सरांना विचारून आधी त्यावर बसून बघा.

आणि खिशातला मोबाइल? तपासायला एक नंबर. जोड नीट बसलाय का, दोन पिनांमध्ये सोल्डरचा पूल तर नाही ना, हे बघायला फोटो काढा आणि झूम करा. पण स्क्रीनकडे बघत काम करायला गेलात की दोन अडचणी येतात. चित्र किंचित उशिरा हलतं आणि एकाच कॅमेऱ्यामुळे खोली कळत नाही. स्वस्तातल्या यूएसबी मायक्रोस्कोपचंही तेच. त्यावरच्या ‘१००० एक्स’ला तर फारच कमी अर्थ आहे, कारण चित्र किती मोठं दिसणार, ते तुमच्या स्क्रीनच्या मापावरही ठरतं.

सुई ओवायला आजी दारात का जाते?

भिंगावर खर्च करण्याआधी दिव्याकडे बघा. आजी सुई ओवायला खोलीतून उठून दारात किंवा गॅलरीत जाते, यात पक्कं विज्ञान आहे. भरपूर उजेडात बाहुली आकसते. छोट्या छिद्रातून बघितलं की चित्र जास्त स्पष्ट होतं आणि पुढचं-मागचं दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतं. आपण डोळे बारीक करून बघतो, तेव्हाही हेच घडत असतं. ट्यूबलाइट पाठीमागे आणि आपण आपल्याच सावलीत काम करतोय, ही आपल्या बहुतेक खोल्यांची कहाणी. पन्नास टक्के ‘न दिसणं’ एका चांगल्या टेबल लॅम्पने बरं होतं, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

उजव्या हाताने काम करत असाल तर दिवा डावीकडून घ्या, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. दिव्याची काच थेट डोळ्यांना दिसू देऊ नका. चांदी, स्टील, सोल्डर अशा चमकणाऱ्या वस्तूंवर झगमगाट होत असेल तर एलईडी दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावा, उजेड मऊ होतो. उलट एखादा ओरखडा शोधायचा असेल तर दिवा अगदी खाली, आडवा धरा. ओरखड्याची सावली पडते आणि तो स्वतःहून समोर येतो. रंगकाम करणाऱ्यांनी बल्बच्या खोक्यावर ‘सीआरआय’ ९० किंवा जास्त आहे ना, ते बघावं. नाहीतर रात्री मिसळलेला रंग सकाळी वेगळाच निघतो!

आणखी एक फुकटातली गोष्ट. मान खाली नेण्यापेक्षा काम वर आणा. टेबलावर एखादं खोकं ठेवून त्यावर काम करा. इंजिनीअरिंगच्या जाडजूड पुस्तकांचा ढीगही चालेल, अखेर तीही कामी येतील. दोन्ही हातांची करंगळी एकमेकींना किंवा टेबलाला टेकवली की थरथर एकदम कमी होते. आणि खाली पांढरं कापड घातलेलं स्टीलचं काठाचं ताट ठेवा. उडालेला स्क्रू ताटातच सापडतो.

भिंगाआधी नंबर तपासा

आता जरा सिरियस. भिंग चष्म्याच्या नंबरची जागा घेत नाही. तुम्हाला थोडा तिरपा नंबर, म्हणजे सिलिंड्रिकल असेल आणि तो लावलेला नसेल, तर भिंगातून ती धूसर प्रतिमाच मोठी होऊन दिसणार. छुपा प्लस नंबर असलेल्यांना लांबचं छान दिसतं, वर्गात फळाही दिसतो आणि जवळच्या कामाला बसलं की डोकं धरतं. त्यामुळे ‘मला चष्मा नाही’ आणि ‘माझे डोळे तपासून झालेत’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तपासायला जाल तेव्हा तुमचं ते टेपने मोजलेलं अंतर सोबत न्या. ‘मला ३५ सेंटिमीटरवर रोज दोन तास बारीक काम करायचंय’ असं सांगितलंत, तर तपासणारा त्याच अंतराचा विचार करून सल्ला देऊ शकतो.

मायनस नंबरवाल्यांना मात्र निसर्गाने एक भिंग मोफत दिलंय. मायनस ५ नंबर असेल तर चष्मा काढल्यावर २० सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, तेही स्नायू न आवळता. कितीतरी कारागीर बारीक कामाच्या वेळी चष्मा कपाळावर चढवतात, तो याच कारणाने. पण कॉन्टॅक्ट लेन्स लावल्या किंवा लेसरने नंबर काढला की ही सोय जाते. आणि गरम किंवा उडणारं काम असेल तेव्हा चष्मा काढून उघड्या डोळ्याने जवळ जायचं नाही. त्याचं कारण पुढे.

दिसणं वेगळं, डोळा वाचणं वेगळं

यातली सगळ्यात धोकादायक समजूत म्हणजे ‘भिंग लावलंय ना, मग डोळा झाकलेलाच आहे.’ अजिबात नाही! वाचायचा चष्मा, डोळ्याचं भिंग, स्वस्तातला व्हायझर यांतलं काहीच मार झेलण्यासाठी बनवलेलं नसतं. बाजू उघड्या असतात. आणि मोठं दिसावं म्हणून तुम्ही चेहरा कामाच्या अगदी जवळ नेलेला असतो.

सोल्डरिंग झाल्यावर कटरने पार्टचा उरलेला पाय तोडता, तेव्हा तो तुकडा गोळीसारखा उडतो. छोट्या रोटरी टूलची कापायची चकती मिनिटाला तीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरते. ती अडकून फुटली तर बाजूला व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून कापणं, घासणं, ड्रिल करणं चालू असताना पॉलिकार्बोनेटचा सेफ्टी गॉगल हवाच. त्यावर आयएस ५९८३, ईएन १६६ किंवा एएनएसआय झेड८७.१ यांपैकी एखादं मानक छापलेलं आहे ना, ते बघून घ्या. नंबरच्या चष्म्यावरून घालायचे गॉगलही मिळतात आणि खालच्या भागात प्लस नंबर असलेले सेफ्टी गॉगलही असतात. तार तोडताना मोकळ्या टोकावर बोट ठेवायची सवय लावा.

सोल्डरिंगचा पांढरा धूर फ्लक्सचा असतो. त्यातल्या राळेच्या धुराने दम्याचा त्रास सुरू होऊ शकतो किंवा वाढू शकतो. धूर चेहऱ्यापासून बाजूला नेणारा छोटा पंखा लावा. डोळ्यात कण गेलाच, तर चोळायचं नाही. स्वच्छ पाण्याने धुवायचं आणि कण रुतलाय असं वाटलं किंवा खुपणं थांबलं नाही, तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. ‘सकाळी बघू’ नको.

आणि हो, काम संपल्यावर भिंगाच्या लॅम्पवर झाकण किंवा कापड टाका. दुपारचं ऊन खिडकीतून येऊन त्याच भिंगातून टेबलावर एकवटलं, तर कागद पेटू शकतो. लहानपणी आपण अंगणात मुद्दाम केलेला प्रयोग बेडरूममध्ये आपोआप व्हायला नको.

घरातल्या ‘चाळिशी’वाल्यांनाही बोलवा

मराठीत जवळच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात, किती नेमका शब्द आहे! चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं नैसर्गिक भिंग कडक होत जातं आणि जवळचं दिसायला त्रास होतो. हे प्रत्येकाच्या बाबतीत घडतं. अनेक घरांत याच वयात एखादी कला गुपचूप बंद झालेली असते. काकूंनी मोत्यांचं काम सोडलं, बाबांनी रेडिओ उघडणं सोडलं, आजोबांनी घड्याळ खोलणं सोडलं. विचारलंत तर उत्तर एकच, ‘आता हात चालत नाही गं पूर्वीसारखा.’ ओळखीचं वाटलं ना हे वाक्य? विशीत आपणही तेच म्हणत असतो.

तुम्ही स्वतःसाठी आणलेला व्हायझर एकदा त्यांच्या डोक्यावर चढवा, दिवा जवळ ओढा आणि सुई त्यांच्या हातात द्या. पन्नास वर्षं बसलेला हात कुठेही गेलेला नसतो. आणि आरीचा टाका किंवा घड्याळाचा स्क्रू नेमका कसा फिरवायचा, हे शिकवणारा यूट्यूबपेक्षा भारी गुरू तुमच्याच घरात सापडेल. तोही मोफत, फक्त एक व्हायझर वाटून घ्यावा लागेल!

चौकट : खरेदीला निघण्याआधी

- आधी डोळे तपासा, मग दिवा घ्या, मग भिंग. हा क्रम उलटा करू नका.
- डोळ्यापासून कामापर्यंतचं अंतर टेपने मोजून खिशात ठेवा. दुकानात एक्सच्या आकड्याआधी हे अंतर सांगा.
- काम भागेल तेवढीच कमीत कमी पट घ्या. नवशिक्याने दोन पटीपासून सुरुवात करावी.
- दोन भिंगं ठेवा. कमी पटीचं काम करायला आणि १० पटीचं शेवटी तपासायला.
- दुकानात किमान पाच मिनिटं घालून बघा. दोन-दोन दिसलं, चक्कर आली किंवा कडेच्या रेघा वाकड्या दिसल्या तर ते नको.
- दर २० मिनिटांनी २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघा. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरची पाण्याची टाकीही चालेल.
- भिंग कोरड्या टी-शर्टने पुसू नका, धुळीचे ओरखडे पडतात. आधी फुंकर किंवा पाणी, मग मऊ मायक्रोफायबर कापड.
- कापताना, घासताना, तोडताना सेफ्टी गॉगल. याला अपवाद नाही.